खंडेनवमीचं अपडेट

"सूनबाई, ही पाटी काय म्हणतीया बघ जरा. पण लांबनं बघ. हात लावू नकोस."

मामांची हाक आली तेव्हा मी पंगतीतली पानं उचलत होते. खरकटे हात तसेच धरून बाहेरच्या खोलीत आले, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधोमध एक चौकोन उगवलेला आणि त्यात आकडे उलटे चाललेले. पडद्याला झेंडूची माळ. कीबोर्डवर हळदीकुंकवाची बोटं. खालच्या डब्यापुढे विडा, सुपारी, शेंडीवाला नारळ. एवढ्या थाटात बसलेला कॉम्प्युटर मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी वाचलं आणि सांगितलं, "मामा, तो म्हणतोय की नवीन अपडेट बसवून झालंय. आता पंधरा मिनिटांत तो स्वतःला बंद करणार आणि परत चालू करणार."

"कोण करणार?"

"तोच."

"कुणाला विचारून?"

मामा म्हणजे माझे सासरे. इचलकरंजीत आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. गल्लीत मामांना सगळे अण्णा म्हणायचे. घरामागच्या शेडमध्ये आमचे यंत्रमाग होते, आणि ते सगळे मजुरीवर. म्हणजे शेठनं सूत आणून टाकायचं, आपण विणून द्यायचं, कापड शेठचं आणि नावही शेठचं. तीनशे चौसष्ट दिवस त्या मागांचा खडखडाट असा चालायचा की घरात कुणी हळू बोललं तर आजारी आहे की काय असं वाटायचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन महिने मी नुसती 'काय? काय?' करत फिरायचे.

बंद म्हणून माग एकच दिवस. खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्राची पूजा करायची, आणि पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "वर्षभर आपण त्येला राबवतो. एक दिवस त्येचा," असं मामांचं म्हणणं, आणि मामांचं म्हणणं म्हणजे आमच्या घरात कायदा. माग तर झालेच, पण आत्यांचं शिवणयंत्र, मिक्सर, विळी, अडकित्ता, माझ्या नवऱ्याची म्हणजे धनंजयची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं आणि सगळ्यांना सुट्टी. भाज्या आदल्या रात्री चिरून ठेवायच्या. धनंजय त्या दिवशी चालत जायचा. त्या वर्षी घरात कॉम्प्युटर आला होता, तर त्याला कोण सोडतंय!

पण बाकीची यंत्रं बंद करून पूजायची आणि हा मात्र चालूच ठेवून पूजला, त्याला कारण होतं. कॉम्प्युटरवर मामांचं काम चाललं होतं.

तो आणला होता धनंजयनं, सुताचा हिशेब ठेवायला. हिशेब राहिला बाजूला. चित्रं काढायचा एक साधा प्रोग्रॅम असतो ना, तो मी एकदा मामांना दाखवला. चित्र खूप मोठं केलं की त्यात चौकोन चौकोन दिसतात आणि एकेक चौकोन रंगवता येतो. मामा खुर्ची ओढून बसलेच. म्हणाले, "अगं, ही तर आमचीच रांगोळी! एक चौकोन म्हंजे एक धागा." साडीच्या काठाची नक्षी पूर्वी कागदावर अशीच काढायचे म्हणे. आणि मग श्रावणापासून हा माणूस रोज संध्याकाळी अंघोळ करून, स्वच्छ बंडी घालून, एका बोटानं एकेक धागा रंगवत बसायला लागला. कोंबड्याचा तुरा काढायचा होता त्यांना, काठभर, एकामागे एक. आत्या येता-जाता बघायच्या आणि म्हणायच्या, "भेंडी ब्येस आलीया हो." मामा काही बोलायचे नाहीत. पण एकदा आत्या झोपल्यावर मला म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याचं कापड इणलं. एक साडी आपली इणायची. आपल्या काठाची. शेठ दसऱ्याला येतोय, त्येला हे दाखवतो. त्येनं हो म्हटलं तर पुढच्या महिन्यात दोन माग माझ्या साडीला."

हे सांगताना त्यांचा आवाज असा खाली आला होता, की बाहेर मागांच्या खडखडाटात मला ते नीट ऐकायला पुढे वाकावं लागलं.

तेव्हापासून कॉम्प्युटर बंद करायला घरात बंदी होती. लाईट जायची, म्हणून मामांनी त्याला इन्व्हर्टर बसवला. फ्रिजला नव्हता. आमचं दूध नासायचं, पण कॉम्प्युटर कधी विझला नाही.

आता कॉम्प्युटर म्हटला की त्याच्या कटकटी आल्याच. खालच्या कोपऱ्यात पिवळा फुगा यायचा, 'अपडेट तयार आहे' म्हणून. मामा त्याला वर्गणी मागायला आलेल्या पोरांसारखं वागवायचे. "नंतर या," म्हणायचे आणि 'नंतर'वर टिचकी मारायचे. तो दुसऱ्या दिवशी परत हजर. परत "नंतर या." शिवाय व्हायरस धरायचा जो प्रोग्रॅम होता, त्यात एक बाई होती. ऐन दुपारी, सगळे लवंडलेले असताना ती खणखणीत इंग्रजीत काहीतरी जाहीर करायची. पहिल्यांदा बोलली तेव्हा आत्या दचकून उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "कोण पाव्हणी आली गं? बस म्हणावं, च्या टाकते."

शेवटी धनंजय वैतागला. त्यानं सगळं 'आपोआप' करून टाकलं. "आता तो विचारणार नाही," म्हणाला, "त्याचं तो बघून घेईल." मामांना ते पटलं नव्हतंच. "माझ्या घरात ऱ्हाऊन मला विचारणार न्हाई?" एवढंच म्हणाले होते.

तर आता त्यानं विचारलं नव्हतं, पण सांगितलं मात्र होतं. आकडे खाली खाली चालले होते.

मी म्हटलं, "मामा, घाबरण्यासारखं काही नाही. बंद होईल, चालू होईल. तुमचं चित्र सेव्ह केलेलं असलं की झालं."

"काय केलेलं?"

"सेव्ह. म्हणजे ठेवून दिलेलं. नाव देऊन."

"नाव?" मामा माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. "अजून पुरं कुठं झालंय? बारशाच्या आधी नाव ठेवतेत व्हय?"

"अहो, पण तो विचारायचा ना तुम्हाला, ठेवायचं का म्हणून?"

"ईचारायचा की. मी 'कॅन्सल'वर टिचकी मारायचो. ताका पुरा झाल्याबिगर कापड मागावरनं उतरवतेत का? तूच सांग. अर्धा ताका काढून घडी घालून ठेवला तर त्येला काय अर्थ?"

काय सांगणार कपाळ! विणकराच्या दृष्टीनं त्यात एका अक्षराची चूक नव्हती. मी वाकून पडद्याकडे बघितलं. पाटीच्या मागे ते चित्र होतं, कोंबड्याच्या तुऱ्यांची ती लांबलचक रांग, लाल आणि आमसुली, आणि वरच्या पट्टीत नावाच्या जागी 'बिननावाचं' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. श्रावणापासूनचं सगळं काम निव्वळ चालू मशिनीच्या भरवशावर उभं होतं.

"मामा," मी म्हटलं, "हा बंद झाला की चित्र गेलं. सगळं. परत नाही मिळायचं."

मामा खुर्चीत बसले.

आता इथे दत्तूकाकांबद्दल सांगायला हवं, कारण ते तिथेच होते. दिवाणावर बसून सुपारी चघळत होते. दत्तूकाका म्हणजे मामांचे सख्खे धाकटे भाऊ. घर एकच, मधे भिंत. अंगण एकच, मधे काही नाही. आणि माझं लग्न व्हायच्या आधीपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण आत्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कानात सांगितलं होतं. एका खंडेनवमीला दत्तूकाकांचा माग चालू असलेला मामांनी डोळ्यांनी बघितला होता. पूजा झालेला माग! झालं, बोलणं बंद. पण आमच्या कुलदेवीचा, चौंडेश्वरीचा नैवेद्य दोघा भावांनी एका पंगतीत खायचा, ही त्यांच्या आईची ताकीद. म्हणून वर्षातून एकदा, त्याच दिवशी, दत्तूकाका आमच्याकडे जेवायला यायचे. शेजारी शेजारी बसून दोघं पुरणपोळी खायचे आणि मधे मला बसवायचे.

"सूनबाई, त्येला ईचार, तूप वाढू का," हे मामा.

"सूनबाई, त्यांना सांग, बास झालं," हे काका.

मधे हातभर अंतर! मी निरोप्याची नोकरी इमानेइतबारे केली. एकदा कंटाळून मी निरोप पोचवलाच नाही, तर दोघंही तसेच बसून राहिले आणि तूप थिजलं.

तर त्या दिवाणावरून दत्तूकाका सगळं ऐकत होते.

मी हात पुसले. "मामा, सोपं आहे. हे खालचं बटण 'पुढे ढकला' म्हणतंय. एक टिचकी मारायची. मग मी चित्राला नाव देते, ठेवून देते, विषय संपला."

"हात लावायचा न्हाई."

"कीबोर्डला नाही लावत. नुसता माउस."

"त्येची बी पूजा झालीया," आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "त्येलाच तर पयलं कुंकू लावलं मी. गणपतीचं वाहन हाय म्हटलं."

मी कपाळावर हात मारला. आकडे दहाच्या खाली आले होते.

"बरं, हात नाही लावत. उलथनं लावते. उलथन्याची पूजा झाली नाही ना?"

"माग काय हातानं चालतो व्हय?" मामा म्हणाले. "हँडलनं चालतो. उलथनं म्हंजे हँडलच."

मी धनंजयला फोन लावला. तो नणंदेला आणायला चालत स्टँडवर गेला होता. सगळं ऐकून म्हणाला, "अगं मग 'पोस्टपोन' दाब की!"

"हात लावायचा नाही म्हणताहेत."

"मग मला कशाला फोन केलास?"

"तू हे आपोआप करून ठेवलंयस म्हणून!"

"मग त्याला आपोआप थांबवता येतं का ते बघ," म्हणाला आणि एस.टी.च्या आवाजात फोन गेला. नवरे असतातच असे.

"अहो," आता आत्यांचाही जीव खालीवर व्हायला लागला, "देवीला समजतंय की. पोरीला लावू द्या बोट. मी उद्या चौंडेश्वरीची ओटी भरते."

"देवीला समजतंय म्हणूनच," मामा म्हणाले.

त्यांचा चेहरा मला बघवेना. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचं उजवं बोट, ज्यानं ते रोज चौकोन रंगवायचे, ते मांडीवर आपलं आपण हलत होतं. मला रडू यायला लागलं, आणि रागही. म्हटलं, चुलीत गेली ती पूजा! मी सरळ पुढे झाले आणि हात लांब केला.

"पद्मजा!"

लग्न झाल्यापासून मामांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती. सूनबाई, नाहीतर पोरी. माझा हात जागच्या जागी थांबला.

"पोरी," मग ते हळू म्हणाले, "मी माझ्या सख्ख्या भावाशी बोलायचं सोडलं याच्यापायी. आणि आज माझं अडलं म्हणून तुझा हात लावून घेऊ? मग मी त्येला काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात दिवाण करकरला. दत्तूकाका उठले होते. त्यांनी टोपी उचलली, दाराकडे गेले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, त्यांना सांग, मी बाहेर जाऊन थांबतो. अंगणाच्या पलीकडं. मी काय बघितलं न्हाई, मला काय म्हाईत न्हाई. त्यांनी त्यांचं बटण दाबून घ्यावं. चांगली नक्षी हाय ती. घालवू नका म्हणावं."

मी मामांकडे वळले. पण त्या दिवशी निरोप सांगायची गरज नव्हती, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"त्येला सांग," ते म्हणाले, "तू जाशील बाहेर. देवी कुठं जाणार?"

दत्तूकाका दारातच उभे राहिले. मग परत आले, आणि दिवाणावर न बसता मामांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. आत्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. आम्ही चौघं त्या कॉम्प्युटरसमोर असे बसलो होतो, की बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, यांच्याकडे सत्यनारायण आहे.

एक मिनिट उरलं. मग आकडे सेकंदांचे झाले. मामा तुऱ्यांची रांग डोळ्यांनी मोजत होते, डावीकडून उजवीकडे. शेवटच्या तुऱ्यापर्यंत पोचले की नाही, देव जाणे. चित्र मिटलं. निळा पडदा आला आणि त्यावर लिहून आलं की कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. मी ते मोठ्यांदा वाचलं.

"आम्ही कुठं हात लावतोय," आत्या म्हणाल्या.

पडदा काळा झाला. पंख्याची घरघर थांबली. झेंडूच्या माळेतलं एक फूल सुटून कीबोर्डवर पडलं. आणि मग, आम्ही चौघं मांडीवर हात ठेवून बसलेलो असताना, त्या डब्यात टक् झालं, दिवा लागला, पंखा घरघरला, आणि कॉम्प्युटर आपला सुरू झाला. ते सुरुवातीचं संगीतसुद्धा वाजलं. समोर हिरवी टेकडी आणि निळं आकाश. बाकी काही नाही.

"गेलं?" मामांनी विचारलं.

"गेलं, मामा."

ते चित्र पुढे त्यांनी पुन्हा काढलं, दर चार चौकोनांनी मला स्वयंपाकघरातून बोलावून 'ठेवून घे गं' म्हणत. तुळशीच्या लग्नापर्यंत झालं, आणि शिमग्यापर्यंत दोन मागांवर मामांची साडी चढलीही. पण दसऱ्याला शेठ आला तेव्हा दाखवायला काही नव्हतं, आणि तो नेहमीसारखं सूत टाकून गेला. त्या दुपारी तर एवढंच कळत होतं की श्रावणापासूनचा माणूस आमच्यासमोर रिकामा बसलाय. मी पदरात तोंड घालून रडले. आत्यांनी पडद्याकडे बघून दोन कानडी शिव्या घातल्या. त्यांना एरवी कानडी येत नव्हती.

आणि त्यात दत्तूकाका बोलले.

"सूनबाई, त्यांना ईचार, हे कुणी चालू केलं?"

मी डोळे पुसले. "काका, आत्ता काय..."

"ईचार तू. हात कुणी लावला?"

"कुणीच नाही लावला. आपोआप झालं."

"आपोआप?"

"आपोआप."

"पूजा झालेलं मशीन?"

"हो."

दत्तूकाकांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि समोर बघत, कुणालाच उद्देशून नाही असं, सांगायला सुरुवात केली.

"त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी मी कडंचा ताका पुरा करत होतो. मधीच लाईट गेली. माग हाय तिथं थांबला. पूजेची वेळ झालीच होती. म्हटलं, थांबलाच हाय तर घेऊ उरकून. हँडल तसंच वर ऱ्हायलं, मोटारीचं बटण बी तसंच. हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, उदबत्ती फिरवली, आणि जेवायला घरात आलो. दुपारी लाईट आली. आणि निघाला की माग! खडाड् खडाड्! नारळ उडाला तो भिंतीवर फुटला. मी हातातला घास टाकून पळत गेलो."

"मग बंद का नाही केला लगेच?" मी विचारलं.

दत्तूकाका माझ्याकडे वळले, आणि मघाशी मामांनी जसं बघितलं होतं तसंच, वेड्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"पूजा झालेल्या मागाला हात कसा लावायचा?"

आत्यांचा हात तोंडावर गेला.

"उभा ऱ्हायलो हात जोडून. शुद्धीत मी नव्हतो, हातात फुटका नारळ. माग आपला इणतोय, इणतोय. कांडीतलं सूत संपलं तवा थांबला. तेवढ्यात हे दारात. म्हणाले, देवीच्या दिवशी शेठचा माल काढतोस? मी म्हटलं, अण्णा, आपोआप चालू झाला. सारी गल्ली हसली. हे बी हसले. त्या दिवसापास्नं गल्लीत मला दत्तोबा कोण म्हणत न्हाई. आपोआप म्हणतेत. माझ्या पोराच्या सोयरिकीत बी पाव्हण्यानं ईचारलं, 'आपोआपांचं घर हेच का?'"

मी लग्न होऊन आल्यापासून तो शब्द ऐकत होते आणि मला वाटायचं, त्यांचं काहीतरी लाडकं नाव असेल. त्यांना तसं एकदा मीही हाक मारली होती, हौसेनं. ते निमूट वळले होते.

मामा पडद्यावरच्या हिरव्या टेकडीकडे बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले:

"दत्तू."

आत्या रडायलाच लागल्या. मधे निरोप्या नव्हता.

"दत्तू, चुकलं माझं. तू खरं बोलत होतास."

पण दत्तूकाका तसे सोडणारे नव्हते. रक्त एकच होतं ना. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, त्यांना सांग, मला सांगून काय उपेग? मला तर म्हाईतच हाय. सांगायचं तर गल्लीला सांगा."

मला वाटलं, आता मात्र बिनसलं. मामांचा ताठा साऱ्या इचलकरंजीला ठाऊक. पण मामा उठले, चपला घातल्या आणि खरंच बाहेर गेले. आम्ही तिघं मागोमाग दारात.

सणाची सुट्टी. माग बंद, त्यामुळे सगळी गल्ली बाहेर. कट्ट्यावर पत्त्यांचे डाव पडलेले, बायका उंबऱ्यावर, पोरं सायकली फिरवताहेत. आणि त्या वर्षातल्या एकुलत्या एक शांत दुपारी, मागांच्या खडखडाटावरून बोलायची सवय असलेल्या त्या आवाजात मामा ओरडले:

"ऐका रं सगळी! आमच्या दत्तूचा माग त्या वर्षी आपोआपच चालू झाला हुता! त्येनं हात लावला नव्हता!"

पत्ते थांबले. कुणीतरी विचारलं, "कुठला माग, अण्णा?"

"खंडेनवमीचा! मी त्येला खोटं पाडलं. चूक माझी!"

"अण्णा, पण तवा तर तुमीच म्हणत हुता की डोळ्यांनी बघितलं म्हणून?"

"तवा नीट बघितलं नव्हतं. आज बघितलं."

"आज? आज कुठं बघितला त्यो माग?"

"माग न्हाई, कॉम्प्युटर बघितला," मामा म्हणाले. "आत्ताच. माझ्यासमोर. कुणी हात न लावता बंद झाला आणि चालू झाला."

गल्लीनं एकमेकांकडे बघितलं. पहिल्यांदा हसला तो पत्त्यातला एक जण, मग कट्टा, मग उंबऱ्यावरच्या बाया. अण्णांना पुरणपोळी चढली म्हणाले. कुणीतरी "आपोआप अण्णा!" असं पुकारलं आणि पोरांनी ते लगेच उचललं. मामा रस्त्याच्या मधोमध टोपी सरळ करून उभे, आणि गल्ली हसतेय.

दत्तूकाका पायऱ्या उतरून गेले. मामांचा दंड धरला.

"अण्णा, घरात चला आता. लोकं हसाय लागली."

मामांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि जागचे हलले नाहीत.

"हसू देत," म्हणाले. "इतकी वर्षं तुला हसली. आता थोडी वर्षं मला हसतील."